टाइमपास करणाऱ्यांना आवरायचं कसं: नवीन शिट्टी हातात घेतलेल्यांसाठी

पावसाळ्यात क्रिकेटच्या पिचवर ताडपत्री पडते आणि मुंबईतली मैदानं चार महिने फुटबॉलवाल्यांची होतात, त्यातलाच एक रविवार. 20-20 मिनिटांची मॅच, एक टीम 1-0 ने पुढे, आणि त्यांचा लेफ्ट बॅक थ्रो घ्यायला गेला. आधी बॉल जर्सीला पुसला. मग शॉर्टला पुसला, जी जर्सीपेक्षा जास्त भिजलेली होती. मग बॉल डोक्यामागे नेला, इकडे बघितलं तिकडे बघितलं, आणि खाली ठेवून स्टॉपरला, म्हणजे मधल्या डिफेंडरला, हाक मारली, "तू ये रे, तू घे." स्टॉपर आला. चालत आला हां, धावत नाही, चिखलात एकेक पाऊल जपून टाकत, जसं काही लग्नाला चाललाय.

मी तेव्हा नवीनच रेफ्री झालेलो, तिसरी का चौथी मॅच असेल. मी काय केलं, तर लांबूनच "चला चला, लवकर" करत राहिलो. तो प्रकार अख्खा सेकंड हाफ चालला आणि शेवटी 38व्या मिनिटाला मला राग आला म्हणून मी यल्लो काढलं. समोरच्या टीमचा कॅप्टन हसला आणि म्हणाला, "सर, आता देऊन काय उपयोग, आमचा हाफ खाल्ला ना त्याने."

बरोबर होतं त्याचं. उशिरा दिलेलं कार्ड म्हणजे चोर पळून गेल्यावर दाराला लावलेलं कुलूप. नंतर तुम्ही तीन मिनिटं वाढवून द्या नाहीतर पाच द्या, मागे पडलेल्या टीमने जो जोर लावलेला असतो, सलग दोन-तीन अटॅक करून समोरच्यांना दमवलेलं असतं, तो जोर परत मिळत नाही. म्हणून खाली जे सांगतोय त्याचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे, घड्याळ नंतर बघा, आधी बॉल लवकर सुरू करून घ्यायला शिका, आणि तेही पहिल्या मिनिटापासून.

स्टेप 1: मॅचच्या आधी दोन प्रश्न विचारून घ्या

ऑर्गनायझरला विचारायचं की हाफ किती मिनिटांचा आणि वाया गेलेला टाइम वाढवायचा की नाही. नियमाप्रमाणे 45 मिनिटांचे दोन हाफ, मध्ये जास्तीत जास्त 15 मिनिटं ब्रेक. हाफ छोटा करायचा असेल तर मॅच सुरू व्हायच्या आधी रेफ्री आणि दोन्ही टीम यांचं एकमत पाहिजे, आणि स्पर्धेच्या नियमात ते बसलं पाहिजे. आपल्याकडे एका दिवसात बारा-बारा मॅच लावतात, त्यामुळे ऑर्गनायझर हमखास येऊन कानात सांगतो की सर टाइम वाढवू नका, पुढची टीम वॉर्मअप करून बसलीय. ठीक आहे, पण मग ते नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कॅप्टनच्या समोर बोलायला लावा. एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही असं झालं तर शेवटी शिव्या तुम्हालाच पडणार.

टर्फवर तर हे अजून महत्त्वाचं. तासाचं बुकिंग असतं, नऊ वाजले की पुढचा ग्रुप जाळीबाहेर उभा, वाढीव वेळ वगैरे विसरा. तिथे बऱ्याच स्पर्धा फुटसालचा, म्हणजे पाच-पाच जणांच्या छोट्या फुटबॉलचा, नियम उसना घेतात, म्हणजे किक-इन (थ्रोऐवजी पायाने बॉल आत मारणं), कॉर्नर, फ्री किक सगळं 4 सेकंदांत घ्यायचं. खऱ्या फुटसालमध्ये 20-20 मिनिटं असतात आणि बॉल बाहेर गेला की घड्याळ थांबतं, टर्फवर घड्याळ पळतच राहतं. म्हणून तिथे 4 सेकंदांचं काउंटिंग कडक ठेवलंत तरच गेम होतो.

स्टेप 2: टाइमपास काय नाही, ते आधी डोक्यात बसवा

नवीन रेफ्रीची सगळ्यात कॉमन चूक ही आहे. पब्लिक ओरडते "टाइमपास, टाइमपास" (लोकलमध्ये शेंगदाणेवाला ओरडतो अगदी त्याच सुरात) आणि आपण गडबडून शिट्टी मारतो. पुढे असलेली टीम बॉल घेऊन कॉर्नर फ्लॅगकडे गेली आणि पाठ करून उभी राहिली, तर तो गुन्हा नाही. मागच्या मागे पास खेळत बसले, गुन्हा नाही. गेम चालू असताना डिफेंडरने घाबरून लाथेने बॉल उंच उडवून रस्त्यापलीकडे मारला, तोही गुन्हा नाही, फक्त बॉल परत आणायला लागलेला वेळ तुम्ही मोजायचा. बॉल चालू असताना तो कसा खेळायचा हे टीम ठरवणार.

1982 च्या वर्ल्ड कपमध्ये स्पेनमधल्या हिहोन गावात वेस्ट जर्मनी आणि ऑस्ट्रिया खेळले. दहाव्या-अकराव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि 1-0 या स्कोअरवर दोघंही पुढच्या राउंडला जात होते, अल्जेरिया बाहेर पडत होती. मग काय, उरलेला जवळजवळ सगळा वेळ दोघांनी निवांत पास पास खेळून काढला. अख्ख्या जगाने शिव्या घातल्या, पण रेफ्रीच्या हातात त्यावर एकही कार्ड नव्हतं. पुढे नियम वेगळ्या बाजूने आला, ग्रुपच्या शेवटच्या मॅच एकाच वेळी सुरू व्हायला लागल्या. 1992 मध्ये बॅकपासचा नियम आला (आपल्याच प्लेअरने मुद्दाम पायाने दिलेला पास कीपरने हातात घ्यायचा नाही) तोही यासाठीच, त्याआधी डिफेंडर कीपरला पास द्यायचा, कीपर उचलायचा, परत द्यायचा, परत घ्यायचा, आणि लोक जांभया द्यायचे.

तर तुमचा अधिकार खरा कुठे सुरू होतो, तर बॉल थांबल्यावर. (कीपरच्या हातात बॉल असणं एवढा एक अपवाद, त्यावर पुढे येतो.)

स्टेप 3: पहिल्याच उशिराला हाक मारा

पाचव्या मिनिटाला, 0-0 असताना, कोणीतरी तुम्ही फ्री किक दिल्यावर बॉल उगाच दोन पावलं घेऊन जाईल किंवा फ्री किकच्या समोर जाऊन उभा राहील. तेव्हा कार्ड काढायची गरज नसते बऱ्याचदा, पण लांबून ओरडू नका, जवळ जा. त्याचा नंबर घेऊन, बाकीच्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, "नऊ नंबर, बॉल सोडा. पुढच्या वेळी बोलणार नाही." इतकंच. भाषण नको, मुलं भाषण ऐकतच नाहीत आणि त्यात अजून अर्धं मिनिट जातं, म्हणजे टाइमपास तुम्हीच केला.

मग कॅप्टनला बोलवा, पण हेही 0-0 असतानाच. याचं कारण असं की स्कोअर बदलला की चोर बदलतो. आत्ता जी टीम "रेफ, टाइम बघा" म्हणून बोंबलतेय, तीच दोन गोल मारून पुढे गेली की तिच्याच कीपरच्या बुटाची लेस सुटायला लागते. आधी दोघांना सारखंच सांगितलेलं असलं की नंतर कार्ड काढताना कोणी पार्शलिटी म्हणू शकत नाही. म्हणतातच, पण जोर नसतो त्यात.

आणि हे लक्षात ठेवा, यल्लोच्या आधी वॉर्निंग द्यायलाच पाहिजे असं नियमात कुठेही नाही. शिट्टी झाल्यावर बॉल लांब मारला तर सरळ यल्लो. मी याच्यात आता अजिबात विचार करत नाही.

स्टेप 4: थ्रो, फ्री किक, गोल किक

नियमात याला रीस्टार्टला उशीर करणं म्हणतात आणि उदाहरणं अगदी आपल्या मैदानावर बसून लिहिल्यासारखी आहेत. थ्रो घेतोय असं दाखवून अचानक दुसऱ्याला देणं, वर सांगितलेला लेफ्ट बॅक आठवा, त्याला पहिल्याच वेळी कार्ड बसायला पाहिजे होतं. फ्री किक मुद्दाम चुकीच्या जागेवरून घेणं, म्हणजे रेफ्री परत घ्यायला लावेल आणि तेवढा वेळ जाईल. शिट्टी झाल्यावर बॉल उचलून नेणं किंवा लाथाडणं. आणि एक, शिट्टीनंतर मुद्दाम बॉलला हात लावून भांडण उकरून काढणं.

हे शेवटचं गोल झाल्यावर बघायला मिळतं. मागे असलेली टीम एक गोल मारते, त्यांचा स्ट्रायकर जाळीतून बॉल ओढायला धावतो, कीपर बॉल पोटाशी धरून आडवा होतो, दोघं जाळीत गुंततात आणि मग दोन्ही टीमची सगळी पोरं तिथे. तुम्ही त्या वेळी मिडल लाइनकडे पाठ करून वहीत नंबर लिहीत असाल तर संपलं. गोल दिला की नंबर नंतर लिहा, आधी जाळीकडे धावा आणि "बॉल माझ्याकडे" म्हणा. किक-ऑफ गोल खाल्लेल्या टीमचा असतो, त्यामुळे स्ट्रायकरला तो बॉल ओढायचा काही हक्क नाही, हे त्याला कोणीच सांगितलेलं नसतं.

गोल किकला बघायचं म्हणजे कीपर बॉल गोल एरियाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवतो, दोन पावलं मागे जातो, मग विचार बदलतो आणि उजव्या कोपऱ्यात नेतो. एकदा चालतं. दुसऱ्यांदा केलं की जवळ जाऊन सांगा, तिसऱ्यांदा यल्लो. 2019 पासून गोल किक पेनल्टी एरियाच्या बाहेर जायची गरज राहिलेली नाही, त्यामुळे "सर, माझा डिफेंडर बाहेर गेला नाही अजून" ही सबब चालत नाही.

प्रॅक्टिकल सांगायचं तर बॉल जास्त ठेवा. मैदानाच्या बाजूला नाला असेल, बाजूला दुसरी मॅच चालू असेल, तर दोन्ही गोलच्या मागे एकेक जादा बॉल आणि एकेक पोरगं उभं करायला ऑर्गनायझरला सांगा. निम्मा टाइमपास तिथेच मरतो.

स्टेप 5: कीपरच्या हातातला बॉल

इथे नियम ताजा आहे म्हणून नीट वाचा. आधी 6 सेकंद होते, ते 2000 च्या सुमारास आले, आणि ते तोडले तर समोरच्याला पेनल्टी एरियात इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट मारलेला गोल धरत नाहीत). शिक्षा इतकी मोठी की कोणी रेफ्री द्यायलाच धजायचा नाही, कीपर बारा-पंधरा सेकंद बॉल कुरवाळत बसायचे आणि सगळे डोळेझाक करायचे. 2025-26 च्या सीझनपासून ते 8 सेकंद झालेत आणि शिक्षा म्हणजे समोरच्याला कॉर्नर. मला हा बदल आवडला, कारण कॉर्नर द्यायला हात अडत नाही.

करायचं कसं: कीपरने बॉल हातात नीट पकडला आणि अंगावर कोणी समोरचा नाही, तिथून मनात मोजायला सुरुवात. तो पडून पकडत असेल तर कंट्रोल आल्यावर मोजा, बॉल हाताला लागल्या लागल्या नको. पहिले तीन सेकंद मनात. मग हात वर करायचा आणि शेवटचे पाच सेकंद बोटांनी दाखवत उतरवायचे, पाच, चार, तीन, असे. बोटं संपली आणि बॉल अजून हातात असला की शिट्टी आणि कॉर्नर, कीपर ज्या बाजूला जास्त जवळ होता त्या बाजूचा. कार्ड द्यायचं नाही, तो परत परत तेच करायला लागला तरच.

घरी आरशासमोर प्रॅक्टिस करा, हसू नका. घाबरलेला माणूस सेकंद फार पटपट मोजतो, माझे आठ सेकंद सुरुवातीला साडेपाचलाच संपायचे. "एक हजार एक, एक हजार दोन" असं मोजलं तर बरोबर बसतं.

स्टेप 6: जमिनीवर पडलेला प्लेअर

याच्यावर सगळ्यात जास्त चिडचिड होते, पण इथेच शांत राहायचं. डोक्याला लागलं, डोकं आपटलं, दोन डोकी एकमेकांवर आदळली, तर ताबडतोब शिट्टी. नाटक असेल असं वाटलं तरीही. तुम्ही डॉक्टर नाही, आणि आपल्या मैदानांवर बऱ्याचदा डॉक्टर नसतोच, बर्फाची पिशवी आणि स्प्रे एवढंच असतं.

बाकी पोटरी धरून लोळणारे. किरकोळ वाटत असेल तर बॉल बाहेर जाईपर्यंत गेम चालू ठेवायचा, नियम तुमच्या बाजूने आहे. समोरच्याने स्वतःहून बॉल बाहेर काढला तर त्याचा मोठेपणा, तसं करायची सक्ती नाही. मग जवळ जाऊन एकच प्रश्न, "आत कोणाला तरी बोलवू का?" हो म्हणाला की ट्रीटमेंट झाल्यावर त्याला मैदानाबाहेर जावं लागतं आणि गेम सुरू झाल्यावर तुमच्या परवानगीने, बॉल चालू असेल तर साइडलाइनवरूनच, आत यावं लागतं. हे सांगितलं की निम्मे जण चमत्कार झाल्यासारखे उठून बसतात.

अपवाद आहेत. कीपरला बाहेर पाठवत नाहीत, कीपर आणि दुसरा प्लेअर धडकले असतील तरी नाही, एकाच टीमचे दोघे एकमेकांवर आदळले तरी नाही. समोरच्याच्या ज्या फाऊलला कार्ड मिळालं त्यात लागलं असेल आणि ट्रीटमेंट पटकन आटोपली, तर तो आतच राहतो, नाहीतर मार खाल्लेलीच टीम दहा जणांनी खेळायची. पेनल्टी घेणारा तोच असेल तरी राहू शकतो.

कीपरला बाहेर काढता येत नाही हे कीपरना पक्कं माहीत असतं, म्हणून टीमला श्वास हवा असला की कीपरच खाली बसतो. तेव्हा कोच सगळ्यांना साइडलाइनला बोलवून टॅक्टिक्स सांगायला लागतो. तुम्ही काय करायचं, तर घड्याळ मोजत राहायचं आणि ते मोजताय हे सगळ्यांना दिसू द्यायचं.

स्टेप 7: सब (बदली प्लेअर) आणि बेंच

बाहेर जाणारा प्लेअर पलीकडच्या टोकाला असतो, नेहमीच, हा योगायोग समजू नका. 2019 पासून त्याने सगळ्यात जवळच्या लाइनवरून बाहेर जायचं असतं. मैदानभर टाळ्या देत, कॅप्टनचा बँड तिघांना देत, आडवं चालत यायचं नाही. हात दाखवा, "इथून, इथून." रेंगाळला तर यल्लो, आणि त्याला आधीच एक असेल तर रेड. त्याची टीम दहा जणांवर येते, हे ऐकल्यावर चालणारा माणूस पळतो.

बेंचवाल्यांनाही आता कार्ड आहे हे बऱ्याच कोचना माहीत नसतं. स्वतःच्या टीमचा रीस्टार्ट लांबवला तर यल्लो, पण समोरच्याचा बॉल अडवून धरला, लाथाडला, त्याच्या प्लेअरला आडवा आला तर सरळ रेड. सुरुवातीलाच दोन्ही बेंचला गोड शब्दांत सांगून ठेवा.

स्टेप 8: आता घड्याळ

मी दोन घड्याळं वापरतो. डाव्या हातातलं किक-ऑफला सुरू होतं आणि हाफ संपेपर्यंत त्याला हात लावत नाही. उजव्या हातात स्टेशनबाहेर मिळतं तसं स्वस्तातलं डिजिटल, ते फक्त वाया गेलेला वेळ मोजतं, कोणी पडला की चालू, गेम सुरू की बंद. एकाच घड्याळाला थांबवत-चालू करत बसू नका. मी एकदा इंज्युरीला थांबवलं आणि परत सुरू करायला विसरलो, चारेक मिनिटं जास्त खेळवलं आणि त्यातच गोल झाला. त्या दिवशी मैदानाच्या मागच्या गेटने बाहेर पडलोय.

मोजायचं काय: सब, जखमी, कार्ड, गोलचं सेलिब्रेशन, पाण्याचा ब्रेक, आणि मुद्दाम केलेला उशीर. साधा थ्रो, साधी गोल किक मोजत नाहीत, तो गेमचा भागच आहे. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी प्यायचा ब्रेक एक मिनिटापेक्षा जास्त नको, कूलिंग ब्रेक वेगळा, तो दीड ते तीन मिनिटं.

2022 च्या कतार वर्ल्ड कपला कोलिनांनी, म्हणजे फिफाच्या रेफ्री कमिटीच्या प्रमुखांनी, वेळ नीट मोजा असं आधीच बजावलं होतं. इंग्लंड-इराण मॅचमध्ये इराणचा कीपर स्वतःच्याच डिफेंडरवर आदळला, ट्रीटमेंट लांबली आणि पहिल्याच हाफला 14 मिनिटं वाढवून दिली. त्यामुळे 20 मिनिटांच्या हाफला तीन मिनिटं द्यायला लाजू नका.

हाफ संपता संपता दोन्ही बेंचला ऐकू जाईल असं ओरडून सांगा, "कमीत कमी तीन!" कमीत कमी हा शब्द गाळू नका, कारण जाहीर केलेला वेळ कमी करता येत नाही पण वाढवता येतो. त्या तीन मिनिटांतही कोणी लेस बांधायला बसला तर त्याचंही मोजा. आणि पहिल्या हाफला चुकून दोन मिनिटं कमी खेळवली तर ती दुसऱ्या हाफमध्ये भरून काढायची नाहीत, नियमाने मनाई आहे.

वाढीव वेळेचा एक जुना किस्सा रेफ्री लोक सांगतात तो 1891 चा, ज्या वर्षी आपल्याकडे मुंबईत रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. इंग्लंडमध्ये स्टोक 1-0 ने मागे, शेवटच्या दोन मिनिटांत त्यांना पेनल्टी मिळाली, तर अ‍ॅस्टन व्हिलाच्या कीपरने बॉल उचलून ग्राउंडबाहेर मारला आणि तो सापडेपर्यंत टाइम संपला. आता पेनल्टी दिली असेल तर ती पूर्ण होईपर्यंत हाफ संपतच नाही, कीपरने बॉल चर्चगेटला नेला तरी.

स्टेप 9: शिट्टीनंतर

कार्डचे नंबर आणि मिनिटं लगेच शीटवर उतरवा, कारण "कशाबद्दल?" हा प्रश्न दहा मिनिटांत येतो. नियम दरवर्षी 1 जुलैच्या आसपास बदलतात आणि हल्ली वेळेचे नियमच जास्त बदलतायत, तेव्हा पावसाळ्याच्या सीझनआधी एकदा नवीन पुस्तिका वाचून घ्या.

हरलेला कोच मोबाईलचा स्टॉपवॉच घेऊन येईलच, "सर, माझ्याकडे अजून चाळीस सेकंद आहेत." वाद घालू नका. उजव्या हातातलं घड्याळ दाखवा, मैदानावर फक्त तेच चालतं हे एकदा सांगा, सही घ्या, आणि पुढच्या मॅचसाठी बॉल पुसून ठेवा.